रमजानचा महिना: चांद दिसल्यापासून ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत

रोजा धरणाऱ्याला भुकेचा त्रास पहिले तीन-चार दिवस होतो. वेळेचा घोळ मात्र महिनाभर होऊ शकतो, आणि रोजा वाया जातो तो बहुधा त्यामुळेच. म्हणून महाराष्ट्रातल्या घरांना समोर ठेवून हा महिना कसा पाळावा, कुठे काय चुकते आणि का, हे क्रमाने मांडले आहे. पहिल्यांदा रोजे धरणारी मुले, लग्न होऊन दुसऱ्या मसलकच्या (धर्मनियमांच्या परंपरेच्या) घरात आलेली सून, परगावी एकटा राहणारा विद्यार्थी यांना त्याचा उपयोग व्हावा. शेजारच्या घरात महिनाभर काय चालते हे जाणून घेणाऱ्यालाही व्हावा.

महिना कधी लागतो

रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी ६२४ च्या सुमारास. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा लागेल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

शाबानच्या, म्हणजे रमजानआधीच्या महिन्याच्या, २९ तारखेला मगरीबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) पश्चिमेला चांद पाहतात. ही कोर बारीक असते आणि थोडा वेळच दिसते. दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. नाही दिसली, ढग आले, तर शाबानचे ३० दिवस पुरे करायचे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशावर विसंबू नये. आपल्या शहराच्या जामा मशिदीची किंवा चांद समितीची घोषणा येईपर्यंत थांबावे. घोषणा कधीकधी रात्री नऊ-दहा वाजता येते, म्हणून त्या संध्याकाळी सहेरीचे (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाचे) सामान घरात असलेले बरे. तरावीहसुद्धा (रमजानातली रात्रीची खास नमाज) रोजाच्या आदल्या रात्रीपासून, म्हणजे चांद दिसला त्याच रात्री सुरू होते. पुष्कळांची पहिली तरावीह चुकते ती पहिल्या रोजानंतर सुरू होते या गैरसमजातून.

आखातात बहुतेकदा एक दिवस आधी रमजान लागतो, आणि कोकणातल्या कितीतरी घरांतले कोणीतरी तिकडे नोकरीला असते. दुबईत पहिला रोजा धरून मधेच रत्नागिरीला आलेल्या माणसाचे ३१ रोजे होऊ शकतात. त्याने इथल्या लोकांबरोबर रोजा धरत राहायचे आणि ईदही त्यांच्याबरोबरच करायची. उलट इथून तिकडे गेलेल्याचे २८ च भरले, तर ईद तिथल्या लोकांबरोबर करून नंतर एक रोजा कजा, म्हणजे भरपाई, म्हणून धरायचा.

दाऊदी बोहरा समाज गणिती मिस्री पंचांग पाळतो. त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो आणि बहुतेकदा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. शिया घरांत सूर्य मावळल्यावर पूर्वेची लाली जाईपर्यंत थांबून, काही मिनिटे उशिरा रोजा सोडतात. पुढचा तपशील मुख्यतः सुन्नी घरांचा आहे. त्यातही देशावर, खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात हनफी मसलक जास्त, तर कोकणी मुसलमान शाफई. दोहोंतला फरक जिथे कामाचा आहे तिथे सांगितला आहे.

वेळापत्रक आपल्याच गावाचे

रोजा सुबह सादिकला, म्हणजे पूर्वेला आडवा उजेड पसरू लागतो तेव्हा, सुरू होतो आणि सूर्य पूर्ण मावळल्यावर संपतो. सूर्योदयाशी त्याचा संबंध नाही. सहेरी सूर्योदयाच्या सव्वा तास आधीच संपलेली असते. मुंबईत मार्चच्या सुरुवातीला रोजा जवळजवळ १३ तासांचा होतो, जूनमध्ये साडेचौदाच्या थोडा वर जातो आणि डिसेंबरात सव्वाबारावर येतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात साधारण २५ मिनिटांचा फरक आहे. मुंबईचे छापील वेळापत्रक भिंतीला लावून नागपुरात सहेरी केली, तर सुबह सादिक होऊन गेल्यावरही खाणे चालू राहील. तो रोजा धरलाच गेला नाही असे होते. नागपूरच्या वेळेवर मुंबईत रोजा सोडला तर तो २५ मिनिटे आधी सुटतो, आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. पुणे मुंबईच्या सुमारे ४ मिनिटे पुढे, छत्रपती संभाजीनगर १० आणि सोलापूर १२ मिनिटांच्या आसपास. हे आकडे अंदाजासाठी आहेत. वापरायचे ते आपल्या गावच्या मशिदीचे वेळापत्रक. मोबाइलवरचे ॲप वापरत असाल तर त्यातले शहर आणि मसलक दोन्ही तपासा.

वेळापत्रकात ‘खत्म सहर’ (सहेरी संपण्याची वेळ) लिहिलेले असते. त्यात दोन-चार मिनिटांची खबरदारी बहुतेक ठिकाणी आधीच धरलेली असते. फजरची (पहाटेच्या नमाजची) अजान संपेपर्यंत खात राहिले तरी चालते, ही समजूत पसरलेली आहे आणि ती धोक्याची आहे. अजान वेळ लागल्यावर होते. म्हणजे ती ऐकू आली तेव्हा सहेरी संपलेली असायला हवी.

विमानात असाल तर खालच्या शहराची वेळ धरू नका. खिडकीतून सूर्य दिसतोय तोवर रोजा चालू आहे.

नियत

नियत म्हणजे मनातला इरादा. अरबी वाक्य पाठ नसले तरी काही बिघडत नाही. हनफी मताप्रमाणे रमजानच्या रोजाची नियत दिवसाच्या पहिल्या भागात, जवालच्या (भरदुपारी सूर्य कलण्याच्या) सुमारे तासभर आधीपर्यंत, काही खाल्ले-प्यायले नसेल तर करता येते. शाफई मताप्रमाणे ती रोज रात्री, फजरच्या आधीच व्हायला हवी. कोकणातल्या घरात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सहेरीला जाग आली नाही आणि रात्री नियतही केली नव्हती, तर शाफई माणसाचा त्या दिवसाचा रोजा धरला जात नाही. दिवसभर उपाशी राहून नंतर कजा करावी लागते. उपाय सोपा आहे. तरावीहनंतर झोपण्याआधीच ‘उद्याचा रमजानचा फर्ज रोजा’ असा इरादा करून टाकावा. त्यानंतर रात्री पाणी प्यायले, जेवले तरी नियत मोडत नाही.

सहेरी

सहेरी करणे सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. ती टाळून रात्री बारा वाजता भरपेट जेवून झोपणाऱ्याला दुपारनंतर डोकेदुखी गाठतेच. वेळ संपण्याच्या ५० ते ६० मिनिटे आधी उठावे. घर मोठे असेल तर भाकरी-चपाती करणारीला आणखी अर्धा तास लागतो, आणि तिलाही निवांत बसून खाता आले पाहिजे. म्हणून कणीक, कालवण, उकडलेली अंडी हे रात्रीच तयार ठेवा. सहेरीचा सगळा भार एका बाईवर टाकणे ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. ती या महिन्यात तरी सुटावी.

खावे काय? ज्वारी-बाजरीची किंवा कोकणात तांदळाची भाकरी, डाळ, अंडी किंवा थोडा खिमा, वाटीभर दही, एक केळे. मुंबईत दुधात भिजवलेली फेणी किंवा खजला खातात. चव छान, पण मैदा, तूप आणि साखर यांवर दिवस निघत नाही, दहा वाजता पोट रिकामे वाटते. फेणी हवी असेल तर अर्धी वाटी घ्या, सोबत अंडे किंवा डाळ असू द्या. लोणचे, पापड, सुकट, रात्रीची उरलेली बिर्याणी यांतले मीठ दुपारी तहान वाढवते.

पाण्याचे गणित इफ्तारपासून करायचे. दोन ते अडीच लिटर पाणी रात्रभरात वाटून प्यावे: इफ्तारला २ ग्लास, मगरीब ते इशा (रात्रीची नमाज) २, तरावीहनंतर ३, सहेरीला २ ते ३. शेवटच्या पाच मिनिटांत चार ग्लास ढोसले तर ते तासाभरात लघवीवाटे निघून जाते आणि फजरच्या नमाजात पोट डुचमळते. चहाची सवय रमजानच्या आधी आठवडाभर निम्म्यावर आणा. पहिल्या दोन-तीन रोजांची डोकेदुखी बहुतेक वेळा चहा तुटल्याची असते.

दिवसभर काय जपायचे

जाणूनबुजून खाणे, पिणे, धूम्रपान आणि पती-पत्नीचा संबंध यांनी रोजा तुटतो. तंबाखू, गुटखा, मशेरी हेही त्यातच. मशेरी लावून थुंकून टाकली तरी तिचा रस घशात उतरतो, आणि ‘दात घासण्यासाठीच लावते’ या सबबीने कित्येक रोजे बिघडतात. मिसवाक (दातवणाची काडी) चालते. टूथपेस्ट मकरूह (टाळावी अशी) मानतात. फेस घशाखाली गेला तर रोजा जातो. म्हणून पेस्टने दात सहेरीनंतर लगेच, वेळ संपण्याआधी घासावेत.

विसरून खाल्ले-प्यायले तर रोजा कायम राहतो. आठवताच घास थुंकायचा, चूळ भरायची आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. विसरून पाणी प्यायल्यावर ‘आता तुटलाच’ असे समजून जेवून घेणाऱ्याचा रोजा मात्र खरोखर तुटतो. आपोआप उलटी झाली तर रोजा राहतो, मुद्दाम तोंडभर काढली तर जातो. वजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणे) करताना घशापर्यंत गुळण्या करू नका: रोजा आठवत असताना पाणी घशाखाली गेले तर हनफी मताने त्या रोजाची कजा लागते. आंघोळ, अत्तर, डोळ्यांतले थेंब, थुंकी गिळणे यांनी काही होत नाही. इंजेक्शन, लस, रक्ततपासणी यांनीही रोजा तुटत नाही, असे आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती सांगतात. दम्याच्या पंपाने तुटतो. पण दम लागला असताना पंप न घेणे हा जिवाशी खेळ आहे. पंप घ्यावा, रोजा नंतर कजा करावा.

कारण नसताना जाणूनबुजून खाऊन रोजा मोडला, तर हनफी मताने कजाबरोबर कफ्फाराही (प्रायश्चित्तही) येतो: सलग ६० रोजे, ते शक्य नसेल तर ६० गरिबांना दोन वेळचे जेवण. शाफई मताने खाण्यापिण्याने मोडलेल्या रोजाची कजा आणि तौबा. कफ्फारा संबंधाने मोडलेल्या रोजाचा.

आणि जीभ. शिव्या, चुगली, खोटे यांनी रोजा तुटल्याची नोंद कुठल्या वेळापत्रकात नसते, पण त्याचा सवाब (पुण्य) उडून जातो. कोणी भांडायला आले तर ‘मी रोजाने आहे’ एवढे म्हणून बाजूला व्हायची शिकवण आहे. रोज पाळायला सगळ्यात अवघड हेच आहे.

सूट कोणाला

आजारी, प्रवासी, पाळी किंवा बाळंतपणातली स्त्री, स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असलेली गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, अतिवृद्ध माणूस आणि वयात न आलेली मुले यांना सूट आहे. ही सवलत अल्लाहनेच दिलेली आहे. ती घेताना लाज वाटू नये, आणि घरच्यांनी तिची चौकशीही करू नये. पाळी मगरीबच्या दहा मिनिटे आधी आली तरी त्या दिवसाचा रोजा कजा होतो. पाळीतले रोजे नंतर भरून काढायचे, नमाजा नाहीत. दिवस मोजून कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या शाबानमध्ये ‘पाच होते की सात’ हा प्रश्न हमखास पडतो.

प्रवासाचे अंतर सुमारे ८० किलोमीटर धरतात, काही उलेमा ९२ सांगतात. पण सकाळी नऊला मुंबईहून महाडला निघणाऱ्याने सहेरीलाच ‘आज प्रवास आहे’ म्हणून रोजा न धरणे बरोबर नाही. त्या दिवसाची सूट हवी तर फजरच्या आधी गाव सोडलेले असावे लागते.

मधुमेह असलेल्याने रमजानच्या ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, कारण गोळ्यांच्या वेळा आणि इन्सुलिनचे प्रमाण बदलावे लागते. मनाने गोळी बंद करणे किंवा सकाळची गोळी तशीच सहेरीला घेणे, दोन्ही घातक. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर मगरीबला वीस मिनिटे उरली असली तरी रोजा सोडावा. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही त्याने प्रत्येक रोजामागे फिदिया (रोजाऐवजीचे दान) द्यावा: हनफी मताने एका फित्र्याइतका (ईदआधीचे माणशी दान, पुढे दिले आहे), शाफई मताने एक मुद, म्हणजे साधारण पाऊण किलोपर्यंत धान्य.

इफ्तार

सूर्य मावळला की उशीर करू नये. खजूर, तो नसेल तर पाणी. दुआ, मग थोडी फळे, आणि मगरीबची जमात (सामूहिक नमाज). बहुतेक मशिदी रमजानात अजान आणि जमात यांच्यात काही मिनिटे जास्त ठेवतात. जेवण नमाजनंतर. हा क्रम पाळला तर पोटाला सावरायला वेळ मिळतो. तो मोडून कांदाभजी, समोसे, गार रूह अफजा आणि फालुदा एकदम घेतले, की इशाला जळजळ आणि तरावीहला डुलक्या ठरलेल्या. तळलेले एकच काय ते करा, रोज नको. चण्याची उसळ, फ्रूट चाट, सब्जा घातलेले लिंबू सरबत, नंतर भात किंवा भाकरी-कालवण एवढे पुरे.

मुंबईत मिनारा मशिदीजवळ मोहम्मद अली रोडला, पुण्यात कौसर बागेत खाण्याची गर्दी रात्र चढते तशी वाढते. नल्ली निहारी, मालपोवा, मातीच्या वाटीतली फिरनी खाण्यासाठी तरावीहनंतर जावे. मगरीबच्या सुमारास तिथे पोहोचणारे पाहुणे रोजेदारांच्या गर्दीत अडकतात आणि त्यांनाही अडवतात. कुणाच्या घरी इफ्तारचे आमंत्रण असेल तर मगरीबच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचा, खजूर किंवा फळे न्या. रोजा नसला तरी दस्तरखानावर सगळ्यांबरोबरच पहिला घास घ्यावा.

तरावीह आणि कुराण

इशानंतर २० रकात (नमाजची आवर्तने) तरावीह, दोन-दोन रकातींनी. अहले हदीस (हनफी-शाफईंहून वेगळा सुन्नी गट) मशिदींत ८. आपल्याकडे बहुतेक मशिदींत हाफिज (कुराण पाठ असलेले) रोज साधारण सव्वा पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक) वाचतात आणि सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत ३० पारे पुरे होतात. त्याला तास-सव्वा तास लागतो. बाजारपेठांत धंद्यामुळे दहा दिवसांची, रोज तीन पाऱ्यांची तरावीहही असते. तिच्यातली चूक अशी, की कुराण पुरे झाल्यावर लोक तरावीहच सोडून देतात. ती मात्र चांदरातीपर्यंत रोज आहे. वित्र (रात्रीची शेवटची नमाज) हनफी मशिदीत तीन रकात एका सलामाने, शाफई मशिदीत दोन आणि एक, आणि महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यात दुआ-ए-कुनूत (नमाजमध्ये उभ्याने म्हणायची दुआ). कोकणातून देशावर आलेल्याला इथेच गोंधळायला होते.

स्वतः कुराण पुरे करायचे तर हिशेब सोपा: १५ ओळींच्या प्रतीत एक पारा साधारण २० पानांचा. प्रत्येक फर्ज नमाजनंतर ४ पाने, पाच वेळा. ‘रात्री एकदम वाचू’ म्हणणाऱ्यांचे दहाव्या दिवसापर्यंत चार-पाच पारे मागे पडलेले असतात.

शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफ. विसाव्या रोजाच्या सूर्यास्ताआधी मशिदीत दाखल व्हायचे आणि ईदचा चांद दिसेपर्यंत शौच-वजूसारख्या गरजेशिवाय बाहेर पडायचे नाही. मोहल्ल्यातून एकही माणूस बसला नाही तर साऱ्या मोहल्ल्यावर दोष येतो, म्हणून नावे आधीच ठरवा. शब-ए-कद्र (महिन्यातली सर्वांत पुण्याची रात्र) २१, २३, २५, २७, २९ या विषम रात्रींत शोधायची. सत्ताविसावीला मशिदी ओसंडतात आणि बाकीच्या चार रिकाम्या राहतात. दर विषम रात्री तासभर जागणे हे एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा अधिक हाती देते.

जकात आणि फित्रा

जकात (संपत्तीवरचे बंधनकारक दान) रमजानातच द्यावी असे बंधन नाही, पण सवाबासाठी बहुतेक जण याच महिन्यात हिशेब करतात. निसाब (जकात लागू होण्याची किमान मालमत्ता): ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीचा पैसा-माल, हिजरी वर्षभर ताब्यात. सोने आजच्या विक्रीच्या भावाने धरा, घेतले तेव्हाच्या नव्हे. समजा दागिने ३,५०,००० रुपये, बँकेत १,९०,०००, दुकानातला माल १,००,०००, एकूण ६,४०,०००. देणे ४०,००० वजा केले की ६,००,०००, त्याचे अडीच टक्के म्हणजे १५,००० रुपये. राहते घर, वापरातली गाडी, शिवणयंत्र यांवर जकात नाही. वापरातल्या दागिन्यांवर हनफी मताने आहे, शाफई मताने नाही. आईवडील, मुले, नातवंडे यांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीला मात्र देता येते, आणि तिथे सवाब दुहेरी.

फित्रा घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळापर्यंत. हनफी मताने माणशी सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. आकडा स्थानिक मशीद जाहीर करते. शाफई घरात माणशी सुमारे अडीच ते तीन किलो तांदूळ, रोख नव्हे, धान्यच. तो ईदच्या नमाजआधी पोहोचला पाहिजे. सकाळी ईदगाहच्या दारात दिला तर घेणाऱ्याच्या घरची चूल त्या दिवशी कधी पेटायची? चार-पाच दिवस आधी द्या.

ईद

चांदरातीला शीरखुर्म्याची तयारी. आठ-दहा वाट्यांसाठी दोन लिटर म्हशीचे दूध, ८० ते १०० ग्रॅम बारीक भाजक्या शेवया, १५ खारका, पाव वाटी चारोळी, मूठभर बदाम-पिस्ते, १५० ग्रॅम साखर, तीन चमचे तूप, वेलची-जायफळ. खारका रात्रभर पाण्यात भिजवून, बिया काढून, पातळ काप करा. दूध मंद आचेवर सव्वा-दीड लिटरवर आणा. सुकामेवा, खारका आणि शेवया वेगवेगळ्या तुपात परता. आधी खारका-मेवा दुधात दहा मिनिटे, मग साखर, शेवया सगळ्यात शेवटी आणि पाचच मिनिटे. शेवया थंड होताना फुगतात. पातळ वाटला तरच वाटीत तो बरोबर उतरतो. ‘दाट दिसू दे’ म्हणून मूठभर जास्त घातल्या की दुपारपर्यंत त्याची खीर नाही, लापशी होते. न परतलेल्या खारका उकळत्या दुधात टाकल्या तर दूध फाटण्याचा धोका असतो.

सकाळी गुसल (आंघोळ), असतील त्यांतले चांगले कपडे, अत्तर, आणि निघण्याआधी विषम संख्येत खजूर. त्या दिवशी रोजा धरणे मना आहे. नमाज दोन रकात, अजानशिवाय. हनफी जमातीत सहा जादा तकबिरी (‘अल्लाहु अकबर’चे उच्चार), पहिल्या रकातीत तीन आणि दुसरीत रुकूच्या (कमरेत वाकण्याच्या) आधी तीन. दुसऱ्या रकातीत पहिल्याच तकबिरीला अर्धी रांग रुकूत जाते, तेव्हा चौथीची वाट पाहा. शाफई जमातीत पहिलीत सात, दुसरीत पाच. खुतबा (प्रवचन) नमाजनंतर होतो. तो ऐकून उठावे, मग गळाभेट, कब्रस्तान, आणि ज्या वाटेने आलो त्याहून वेगळ्या वाटेने घरी.